ग्रंथी की घर? लठ्ठ मुलांच्या भुकेमागचा जुना वाद

मूल लठ्ठ दिसलं की 'हार्मोनचं काहीतरी असेल' असं म्हणायची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे. 1901 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टर आल्फ्रेड फ्रोलिशने पिट्युटरीजवळ (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन-ग्रंथीजवळ) गाठ असलेल्या, लठ्ठ आणि वयात न आलेल्या एका मुलाची नोंद केली. पुढे अनेक लठ्ठ मुलांवर त्याच रोगाचा शिक्का बसू लागला. 1932 मध्ये मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी पिट्युटरीच्या बारीक गाठींशी जोडलेला आजार मांडला: वाटोळा चेहरा, पोटावर चरबी, हातपाय मात्र काटकुळे. यामागे कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनचा अतिरेक असतो, हे नंतर कळलं.

या समजुतीला धक्का दिला तो न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी. 1930 च्या दशकाअखेरीस त्यांनी लठ्ठ मुलं नीट मोजून-तपासून पाहिली. बहुतेक जण वयाच्या मानाने उंच निघाले आणि वेळेवर वयातही येत होते. कुशिंगच्या आजारात नेमकं उलटं होतं: वजन चढतं आणि उंची अडते. मग ब्रुख यांची नजर घराकडे वळली. मूल कशानेही रडलं तरी पुढे खाऊच केला, तर त्याला भूक आणि अस्वस्थता यांतला फरकच उमगत नाही, असं त्यांचं म्हणणं. निरीक्षण मार्मिक होतं, पण त्यामुळे ग्रंथीवरचा ठपका आईच्या माथी आला, आणि तिथून तो अजून पुरता हललेला नाही.

ताणाचा अभ्यास तोवर वेगळ्याच वाटेने चालला होता. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन एक्स-रेखाली मांजरांचं जठर पाहत असे. मांजर बिथरलं की जठराची हालचाल ठप्प. 1936 मध्ये ताणाचे अभ्यासक हान्स सेली यांना छळ सोसलेल्या उंदरांत मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या, फुगलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दिसल्या. ताणाने भूक मरते, मग लठ्ठपणा कुठून येणार?

गोम मुदतीत होती. क्षणिक भीती भूक मारते. रेंगाळणारा ताण मात्र कॉर्टिसोल वाढवून गोड-तेलकटाकडे ओढतो. 2003 मध्ये संशोधक मेरी डॉलमन आणि सहकाऱ्यांनी पुढचा दुवा मांडला: असं खाणं ताणाची यंत्रणाच थोडी शांत करतं, म्हणून हात पुन्हा तिकडेच जातो. अर्थात, पुरावा मुख्यतः उंदरांचा होता.

मुलांमध्ये हे तपासायचं तर रक्त काढायच्या सुईची भीती हाच एक ताण. लाळेतून कॉर्टिसोल मोजता येऊ लागलं आणि ती अडचण सुटली. भुकेशिवायचं खाणं पाहायला एक साधा प्रयोग रुळला होता: पोटभर जेवलेल्या मुलाला खेळणी आणि खाऊ असलेल्या खोलीत थोडा वेळ एकटं सोडायचं आणि नंतर उरलेला खाऊ तोलायचा. या दोन मापांची सांगड घातली गेली, पण निष्कर्ष एका सुरात आले नाहीत. लाळेचा नमुना त्या घटकेपुरतंच बोलतो. रेंगाळणाऱ्या ताणासाठी आता डोक्याचे केस तपासतात. मुळाजवळच्या एका सेंटिमीटरात साधारण गेल्या महिन्याचं कॉर्टिसोल साठलेलं असतं.