स्लग की फलित अंडं? कॉर्न स्नेकच्या पहिल्या अंड्यांमधली गल्लत

कॉर्न स्नेक हा घरी पाळला जाणारा बिनविषारी साप. पहिल्या वर्षी माझ्या मादीने सतरा अंडी घातली. तेरा पांढरीशुभ्र, टपोरी. तीन पिवळी, आखडलेली, मेणाच्या गोळ्यांसारखी. आणि एक धड इकडचं ना तिकडचं. आकाराने चांगलं, पण कवचावर नखाएवढ्या जागेत पांढरेपणाच नव्हता. तेल लागलेल्या कागदासारखी ती जागा अर्धवट आरपार दिसत होती. तीन पिवळी बाजूला काढली, त्यांच्याबरोबर हेही काढलं. टाकण्याआधी सहज म्हणून कात्री लावली. आत बलकावर लाल धाग्यांचं जाळं होतं आणि त्याच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढं, वेटोळं घातलेलं काहीतरी. त्यात एक ठिपका लुकलुकत होता. हृदय होतं ते.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: पहिल्या दिवशी कुठलंही अंडं टाकायचं नाही. वांझ अंडं आठवडाभर डब्यात राहिलं तर फारसं काही बिघडत नाही. जिवंत अंडं एकदा टाकलं की संपलं.

मुळात ही दोन अंडी म्हणजे काय ते पाहू. स्लग म्हणजे फलन न झालेलं अंडं. मादीच्या शरीराने बलक तयार केला, तो बीजवाहिनीतून खाली आला, पण शुक्राणूशी गाठ पडली नाही किंवा पडूनही काही जमलं नाही. अशा अंड्यावर कवच बहुधा नीट चढत नाही, म्हणून ते लहान, पिवळसर आणि चिवट राहतं. फलित अंड्यात मात्र ते बाहेर येईपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं. मीलनानंतर साधारण महिना-दीड महिना अंडी मादीच्या पोटात असतात आणि तेवढ्या काळात पिल्लाची मूळ आखणी होऊन जाते. अंडं घातलं जातं तेव्हा हृदय चालू झालेलं असतं. कोंबडीच्या ताज्या अंड्यावरून सापाच्या अंड्याचा अंदाज बांधणारे इथेच फसतात. कोंबडीच्या ताज्या फलित अंड्यात डोळ्यांना दिसण्यासारखं जवळपास काही नसतं.

स्लग का येतात, याची कारणं अनेक. मादीची पहिलीच वेळ असते, मीलन चुकीच्या वेळी होतं, नर कोवळा किंवा नापीक असतो, मादी पुरेशी भरलेली नसते. पाळणाऱ्यांमध्ये तीनाचा एक ढोबळ हिशेब चालतो: मादी किमान तीन वर्षांची, तीन फूट लांब आणि तीनशे ग्रॅम वजनाची. शास्त्राने घालून दिलेला हा नियम नव्हे, पण त्याच्या आतल्या मादीला नर दाखवण्याची घाई करू नये. नर नसतानाही काही माद्या नुसते स्लग घालतात. उलट बाजूही आहे. मादी शुक्राणू साठवून ठेवू शकते, त्यामुळे पहिल्या खेपेनंतर पुन्हा नर न दाखवताही त्याच हंगामात दुसऱ्या खेपेची फलित अंडी येऊ शकतात. तेव्हा ‘नर लावला नव्हता, म्हणजे सगळी वांझच’ हा हिशेब नेहमी बरोबर येत नाही.

आता दिसण्याकडे येऊ. ठळक उदाहरणांत गोंधळ होतच नाही. फलित अंडं पांढरं असतं, सुकल्यावर कवच चामड्यासारखं मऊ-कोरडं लागतं आणि बोटाला आतून भरलेपणा जाणवतो. स्लग पिवळा, कधी केशरट, अर्ध्या आकाराचा. काही अगदी घट्ट रबरासारखे, काही दाबताच पिचकणारे. अंडी घालायला ठेवलेल्या मॉसच्या (ओल्या शेवाळाच्या) डब्यात पंधरा अंडी आणि दोन स्लग असतील तर लांबूनही ओळखू येतात.

अडचण मधल्यांची असते, आणि पहिल्या खेपेत ती हमखास असतात. माझ्या त्या अंड्यावर होता तसा आरपार डाग पाळणारे ‘खिडकी’ म्हणून ओळखतात. तिथे कवचावर चुना कमी चढलेला असतो, बाकी अंडं व्यवस्थित असू शकतं. अशी अंडी फुटून धडधाकट पिल्लं बाहेर येतात. फक्त त्या जागेतून पाणी लवकर उडतं आणि बुरशीलाही तिथे शिरकाव सोपा जातो, म्हणून खिडकी कोरड्या हवेत उघडी पडणार नाही आणि ओल्या माध्यमाला, म्हणजे अंड्यांखालच्या ओलसर थराला, चिकटून भिजतही राहणार नाही, एवढं पाहायचं. याच्या अगदी उलट फसवणूक पांढऱ्या वांझ अंड्याची. कधी फलन न झालेल्या अंड्यावरही कवच छान चढतं. ते टपोरं दिसतं, हातालाही चांगलं लागतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी हळूहळू पिवळं पडून बसतं. रंगावर आणि आकारावर विसंबलो तर खिडकीवालं जाईल आणि हे राहील. अगदी उलटा न्याय.

म्हणून कॅन्डलिंग, म्हणजे अंडं उजेडाला धरून आत पाहणं. ते कसं करायचं यावर जरा थांबतो, कारण इथे घाई केली तर चांगल्या अंड्याचंही नुकसान होतं.

सगळ्यात आधी अंडं फिरवायचं नाही. खुडूक कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते, ते पाहून सापाच्या अंड्यालाही तसंच करावंसं वाटतं. पण पक्ष्याच्या अंड्यात बलकाला तोलून धरणाऱ्या पिळदार दोऱ्या असतात. सापाच्या अंड्यात त्या नसतात. वाढणारा जीव वरच्या अंगाला जागा धरतो आणि तिथून त्याचं जाळं कवचाच्या आतल्या बाजूने पसरतं. मग अंडं उलटं केलं तर ते जाळं फाटू शकतं किंवा जीव बलकाच्या भाराखाली दबू शकतो. म्हणून अंडी डब्यात ठेवतानाच प्रत्येकाच्या वरच्या बाजूला शिसपेन्सिलीने बारीकशी खूण करायची. पेन नको, मार्करही नको. ती खूण शेवटच्या दिवसापर्यंत वरच राहिली पाहिजे.

दुसरं म्हणजे उजेड. छोटा एलईडी टॉर्च पुरतो, कारण तो तापत नाही. खोलीत अंधार करायचा, अंडं उचलायचं नाही, आणि टॉर्चचं तोंड अंड्याच्या कडेला हलकेच टेकवायचं. फलित अंडं आतून गुलाबी उजळतं आणि बारीक लाल शिरा फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. कधी नुसतं एक तांबूस वर्तुळ दिसतं, तेवढंही पुरेसं. स्लग मात्र एकसारखा पिवळा उजळतो. ना रेघ, ना ठिपका.

पहिल्याच दिवशी काही अंड्यांत शिरा स्पष्ट दिसतात, काहींत नाही दिसत. नवख्याची फसगत इथेच होते. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. कवच जाड असेल, टॉर्च क्षीण असेल, किंवा जाळं पलीकडच्या बाजूला असेल. पाच ते सात दिवसांनी पुन्हा पाहिलं की चित्र पुष्कळ स्वच्छ होतं. दोन आठवड्यांनंतरही एकही रेघ नसेल आणि अंडं नुसतं पिवळंच उजळत असेल, तर मी त्याला वांझ म्हणतो. तिथपर्यंत ते ‘संशयित’.

अंडी एकमेकांना चिकटतात हाही एक मुद्दा. घातल्यावर ती ओली असतात आणि काही तासांत सुकताना एकमेकांना डकतात. ताजी असताना, ती सहज सुटत असतील तर अलगद सोडवावीत. एकदा घट्ट बसली की ओढाताण नको; कवच फाटेल. मग दोन चांगल्या अंड्यांच्या मध्ये एक स्लग अडकलेला असेल तर? तसाच राहू द्यायचा. यावर नवीन माणूस अस्वस्थ होतो, कारण आपल्या डोक्यात नासक्या आंब्याने अढी नासते हे पक्कं बसलेलं असतं. सापाच्या अंड्यांना ते सरसकट लागू पडत नाही. स्लगवर हिरवी-पांढरी बुरशी चढते, तो सुरकुततो, वास मारतो, आणि त्याला चिकटलेलं जिवंत अंडं बहुतेक वेळा निरोगी राहून फुटतं. बुरशी प्रामुख्याने मेलेल्यावर वाढते. फारच माजली तर मी कोरड्या कापसाच्या बोळ्याने वरवर पुसून घेतो, बस्स.

अर्थात बुरशी दिसली म्हणजे अंडं मेलं, हेही खरं नाही. खिडकीच्या कडेला किंवा अंडं ओल्या माध्यमाला टेकतं तिथे थोडी बुरशी जिवंत अंड्यावरही येते. तेव्हाही न्यायाधीश टॉर्चच.

डब्याचं म्हणाल तर माध्यम म्हणून व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (कुंड्यांच्या मातीत मिसळतात ती हलकी खनिजं) घ्यायचं आणि त्यात पाणी एवढंच घालायचं की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकत राहू नये. तापमान २७ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढ्यात पिल्लं साधारण ५५ ते ६५ दिवसांत बाहेर येतात. थंड ठेवली तर जास्त दिवस लागतात. ३२ अंशांच्या वर नेणं मात्र धोक्याचं, त्यात पाठीचे कणे वाकडे निघतात. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलायची. तेवढ्यात पाहणीही होते.

या पाहणीत आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते: पोचा. अंडं खड्डा पडल्यासारखं बसलेलं दिसलं की छातीत धस्स होतं. पहिल्या महिन्यात पोचा दिसला आणि शिरा शाबूत असतील, तर अंडं तहानलेलं आहे. पाणी माध्यमात, डब्याच्या कडेने घालायचं, अंड्यावर नाही; एक-दोन दिवसांत ते पुन्हा फुगतं. शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत पोचा दिसला तर बहुधा पिल्लू निघायची वेळ जवळ आली आहे. तेव्हा घाबरून पाणी ओतत बसू नये. आणि पोचा पडून रंगही पिवळा-तपकिरी झाला, आतला लालपणा गेला, वास सुटला, तर ते अंडं गेलं.

इथे एक फरक शब्दांतही ठेवावा असं मला वाटतं. ‘खराब अंडं’ या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. स्लग सुरुवातीपासूनच रिकामा होता. चाळिसाव्या दिवशी गेलेल्या अंड्यात मात्र जीव होता आणि तो मेला. पहिल्याचं कारण मीलनात, नरात, मादीच्या तब्येतीत शोधायचं. दुसऱ्याचं तापमानात, ओलाव्यात, क्वचित पिल्लाच्या मूळच्या दोषात. वहीत दोन्ही एकाच रकान्यात लिहिले तर पुढच्या वर्षी काय बदलायचं ते कळत नाही. माझ्या पहिल्या वहीत ‘खराब ५’ एवढंच लिहिलेलं आहे. त्यातले स्लग तीन, मी स्वतः कापलेलं एक, आणि उरलेलं एक शेवटच्या आठवड्यात गेलेलं. हे आज मला आठवतं म्हणून ठीक.

स्लगचा एक धोका डब्याबाहेरचा, मादीच्या पोटातला. अंडी घालण्याआधी मादी एकदा कात टाकते आणि त्यानंतर साधारण आठ ते बारा दिवसांत अंडी देते. सगळी देऊन झाल्यावर शेपटीकडच्या भागात एखादी गाठ राहिली, ती दोन दिवसांतही पुढे सरकली नाही, मादी अस्वस्थपणे फिरत किंवा जोर लावत राहिली, तर आत अंडं अडकलं आहे असं समजावं. ते फलित असो वा स्लग, बाहेरून दाबून काढायचा प्रयत्न करू नये. बीजवाहिनी फाटते. सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम येणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावं.

दुसऱ्या वर्षी त्याच मादीने एकोणीस अंडी दिली. स्लग एकच. खिडकीवाली दोन, शेजारी शेजारी चिकटलेली. दोन्हींत सहाव्या दिवशी शिरा दिसल्या. एकाच्या खिडकीवर तिसऱ्या आठवड्यात बुरशी आली, ती मी दोनदा पुसली. ५८ व्या दिवशी बाकीच्या अंड्यांवर चिरा पडायला लागल्या. कॉर्न स्नेकचं पिल्लू तोंडाच्या टोकावरच्या बारीक दाताने कवच आतून कापतं आणि मग कधी कधी दीड-दोन दिवस नुसतं डोकं बाहेर काढून बसतं. उरलेला बलक शोषून घेणं चालू असतं, ओढून काढायचं नसतं. त्या दोन अंड्यांवर साठाव्या दिवसापर्यंत काहीच नव्हतं. ६१ व्या दिवशी सकाळी टॉर्च न लावताच, बुरशी पुसलेल्या त्या खिडकीतून, आत एक काळा डोळा सरकताना दिसला. संध्याकाळपर्यंत तिथेच चीर पडली होती.