जांभळ्या दिव्याखालची काटकुळी रोपे

मिनियापोलिसला राहणाऱ्या भाचीने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक छायाचित्र पाठवले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर टोमॅटोच्या रोपांचा ट्रे, वर कपाटाला चिमट्याने अडकवलेला जांभळ्या प्रकाशाचा दिवा आणि खाली वीतभर उंच, फिकट, काडीसारखी रोपे. त्यांतली निम्मी एकमेकांच्या अंगावर कललेली. "मामा, दिवा खास रोपांसाठीचा म्हणूनच घेतला होता, मग ही अशी काटकुळी का झाली?" असा तिचा प्रश्न होता.

तिकडे मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याची धास्ती असते, त्यामुळे टोमॅटोचे बी सहा ते आठ आठवडे आधी घरातच पेरावे लागते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या रोपवाटिकांमध्ये याच्या नेमके उलट चित्र दिसते. तिथे ऊन जास्त होते म्हणून शेडनेट ताणतात, आणि रोपांसाठी दिवे लावायचे म्हटले तर कोणीही हसेल. तरीही भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्या रोपवाटिकांनाही लागू पडते.

प्रकाश म्हणजे झाडाचे अन्न, आणि अन्न कमी पडले की रोप खुरटते, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. ती खरी असती, तर भाचीची रोपे ठेंगणी राहायला हवी होती; ती तर उंच झाली. अर्थात उपासमारही होतीच. रोपाच्या दृष्टीने प्रकाश मोजायचा तर दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात ते मोजतात, आणि त्याचे एकक असते मायक्रोमोल, म्हणजे सहावर सतरा शून्ये इतके कण. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो. टोमॅटोच्या रोपांना २०० ते ३०० पुरतात, मात्र ते दिवसाचे चौदा-सोळा तास मिळावे लागतात. दिवाणखान्यातल्या दिव्यांखाली तो आकडा जेमतेम दोन-चार असतो. पौर्णिमेला पेरलेले बी चांदण्यात जोमाने वाढते असे सांगणारी कॅलेंडरे आपल्याकडे आहेत तशी युरोप-अमेरिकेतही खपतात. पूर्णचंद्राचा प्रकाश उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकाच असतो. त्यावर कोणत्याही रोपाचे पोट भरत नाही.

पण रोपाची उंची ठरते ती प्रकाश हे अन्न म्हणून नव्हे, तर प्रकाश ही बातमी म्हणून वाचल्यामुळे, आणि या लेखात मला सांगायचे आहे ते हेच. १९५२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात हॅरी बोर्थविक हे वनस्पतिशास्त्रज्ञ, स्टर्लिंग हेंड्रिक्स हे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करीत होते. ओल्या बियांवर थोडा वेळ तांबडा प्रकाश टाकला की त्या रुजत. त्याच्या पाठोपाठ दृश्य प्रकाशाच्या अगदी काठावरचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा 'दूरतांबडा' प्रकाश टाकला की रुजणे थांबे. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा रुजत. असे कितीही वेळा आलटून पालटून केले, तरी बी मानायचे ते शेवटच्या झोताला. म्हणजे बियाण्यात दोन्ही बाजूंना फिरणारे एखादे बटण असले पाहिजे. १९५९ साली ते रंगद्रव्य उपकरणावर प्रत्यक्ष दिसले आणि त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले.

फायटोक्रोमच्या रेणूची दोन रूपे असतात. एक रूप ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषून दुसरे, सक्रिय रूप धारण करते. ते सक्रिय रूप ७३० नॅनोमीटरचा दूरतांबडा प्रकाश शोषून पुन्हा निष्क्रिय होते. आता यात गंमत अशी की, पानातले हरितद्रव्य तांबडा प्रकाश खाऊन टाकते, पण दूरतांबडा जवळजवळ तसाच आरपार जाऊ देते किंवा परतवते. उघड्या उन्हात तांबड्याचे दूरतांबड्याशी प्रमाण सुमारे १.२ ला १ असते. दाट पानांखाली ते ०.२ च्याही खाली उतरते. म्हणून सक्रिय फायटोक्रोम घटले याचा रोपाच्या भाषेत अर्थ होतो, 'डोक्यावर किंवा शेजारी दुसरे कोणीतरी आहे'.

शेजारी, हे महत्त्वाचे. अर्जेंटिनातील कार्लोस बायारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मोहरी आणि टोमॅटोच्याच कुळातला धोतरा यांच्या रोपांवर एक देखणा प्रयोग केला. शेजारच्या झाडांची सावली अजून पडलेलीही नसते, तरी त्यांच्या पानांवरून परतलेल्या दूरतांबड्या प्रकाशामुळे ही रोपे उंच होऊ लागतात. बायारेंनी रोपांच्या खोडांभोवती मोरचुदाच्या द्रावणाने भरलेल्या काचेच्या नळ्या बसवल्या. मोरचूद, म्हणजे आपण बोर्डो मिश्रणात घालतो तेच, दूरतांबडा प्रकाश शोषून घेते. नळी घातलेल्या खोडांना शेजाऱ्यांचा पत्ताच लागला नाही आणि त्यांची लांबण्याची घाई ओसरली. ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये रोपे दाटली की मधली रोपे कडेच्या रोपांपेक्षा उंच आणि बारीक होतात, त्याचे एक मोठे कारण हेच. ती खतासाठी भांडत नसतात, कारण प्रत्येकाचा कोकोपीटचा कप्पा वेगळा असतो.

पेशीच्या आत घडते ते असे. सक्रिय फायटोक्रोम केंद्रकात शिरते आणि 'पिफ' नावाच्या प्रथिनांना गाठून त्यांचा नाश घडवून आणते. ही प्रथिने शिल्लक राहिली तर ती ऑक्झिन या संप्रेरकाच्या निर्मितीची जनुके चालू करतात, आणि ऑक्झिनमुळे खोडातल्या पेशी लांबट होतात. टोमॅटोचे 'ऑरिया' नावाचे एक उत्परिवर्तित वाण आहे. त्याला फायटोक्रोमचा रंगद्रव्याचा भागच नीट तयार करता येत नाही, त्यामुळे ते उजेडातही लांबुळके आणि पिवळसर वाढते.

मात्र भाचीच्या दिव्यात निळे आणि तांबडेच डायोड होते, दूरतांबडा जवळजवळ नव्हताच. मग रोपांना शेजारी कुठून दिसला? सक्रिय फायटोक्रोम प्रकाशाविनाही आपोआप, केवळ उष्णतेने, निष्क्रिय रूपाकडे घसरत असते. २०१६ साली ब्यूनोस आयर्स आणि केंब्रिज येथील दोन गटांनी दाखवून दिले की ही घसरण तापमानाबरोबर वाढते, म्हणजेच फायटोक्रोम हे रोपाचे तापमापकही आहे. उन्हात ही गळती भरून निघते. दीड फुटावरच्या दुबळ्या दिव्याखाली आणि रात्रंदिवस तापवलेल्या स्वयंपाकघरात ती भरून निघत नाही. त्यात निळा प्रकाशही एकूण कमी पडला, की निळा प्रकाश टिपणारा क्रिप्टोक्रोम हा दुसरा संवेदकही 'सावली आहे' असाच कौल देतो.

जांभळा रंग हा तर विक्रीचा देखावा अधिक. हरितद्रव्य वेगळे काढून ते कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषते याचा आलेख काढला की हिरव्या जागी खड्डा दिसतो, म्हणून अशा दिव्यांतून हिरवा वगळतात, हे खरे. पण अखंड पान हिरव्या प्रकाशाचाही बराचसा भाग शोषते, आणि कीथ मॅक्री यांनी २२ पिकांवर मोजमापे करून १९७२ सालीच दाखवले होते की प्रकाशसंश्लेषणासाठी हिरवा प्रकाश वाया जात नाही. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरूनही पानावर किती प्रकाशकण पडतात ते कळत नाही.

म्हणून भाचीला साध्या पांढऱ्या एलईडीच्या दोन ट्यूब जवळजवळ लावून शेंड्यांपासून चार बोटांवर टांगायला सांगितल्या. पांढऱ्या एलईडीसाठी सुमारे ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल असा अंदाज धरता येतो, त्यामुळे मोबाइलच्या प्रकाशमापकावर १५ ते १८ हजार लक्स दिसले की काम झाले. जांभळ्या दिव्याला हा हिशेब लागू नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्यांचे माप आहे. दिवे टायमरवर सोळा तास चालू ठेवायचे. चोवीस तास नाही, कारण अखंड उजेडात टोमॅटोची पाने पिवळी पडून खराब होतात. रात्री ट्रे तळघराच्या थंडाव्यात न्यायचा.

लांबलेली रोपे मात्र पुन्हा आखूड होत नाहीत. ती फेकून देण्याआधी खोडाच्या तळाशी पाहा, असे मी तिला कळवले. तिथे पांढुरके बारीक फोड दिसतात, आणि ओलसर मातीत गेले की त्यांतूनच मुळे फुटतात. तिने प्रत्येक रोप खालची पाने खुडून, वरच्या दोन पानांपर्यंत खोल कुंडीत पुरले आहे.