आंतरकार्यक्षमता मानके, मुक्तस्रोत अध्ययन मंचांतील

एका ऑनलाइन अध्ययन मंचावर तयार केलेला पाठ, प्रश्नसंच किंवा गुणनोंद दुसऱ्या मंचावर नव्याने न घडवता वापरता यावी, यासाठी ठरवलेल्या सामाईक तांत्रिक संकेतांना आंतरकार्यक्षमता मानके म्हणतात. ‘परस्परसंचालन’ हा पर्यायही मराठीत आढळतो. मूडल, साकाई, इलियास, ओपन एडएक्स व कोलिब्री हे या प्रकारचे परिचित मुक्तस्रोत मंच होत. आज्ञावली मुक्त असणे आणि तिने मानक पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंचाचा स्रोत सर्वांना खुला असूनही त्यातील पाठ त्याच मंचाच्या खास साच्यात अडकलेले असू शकतात.

या मानकांचा आरंभ कोठे मानावा याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ च्या सुमारास हाती घेतलेला ‘एडीएल’ उपक्रम हा आरंभ होय, कारण पाठ एका मंचावरून दुसऱ्यावर नेण्याच्या ‘स्कॉर्म’ या मानकाची पहिली आवृत्ती २००० साली त्यातूनच निघाली. दुसरे मत विमान उद्योगाच्या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एआयसीसी’ या समितीकडे बोट दाखवते. स्कॉर्ममध्ये विद्यार्थ्याचे गुण, लागलेला वेळ व थांबल्याची जागा नोंदवणाऱ्या रकान्यांची नावे ‘सीएमआय’ या आद्याक्षरांनी सुरू होतात आणि ती याच समितीच्या मार्गदर्शिकेतून आली आहेत. पाठांचे गाठोडे बांधण्याची पद्धत अमेरिकी उच्च शिक्षणातून उभ्या राहिलेल्या ‘आयएमएस’ या संघटनेची (२०२२ पासून ‘वनएडटेक’) आहे. स्कॉर्मने स्वतः नवे थोडे घडवले आणि असलेले एकत्र बांधले, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. २००१ मधील १.२ ही आवृत्ती सर्वाधिक रुळली. पाठांचा क्रम ठरवण्याचे गुंतागुंतीचे नियम २००४ च्या आवृत्तीत आले. मूडलचा अधिकृत पाठिंबा मात्र १.२ लाच आहे.

स्कॉर्मचा पाठ म्हणजे एक झिप फाइल असते आणि तिच्या मुळाशी ‘आयएमएसमॅनिफेस्ट’ नावाची अनुक्रमणिका असावी लागते. आतील फाइलींऐवजी अख्खे फोल्डरच झिप केले तर ही अनुक्रमणिका एक पायरी खाली जाते व मंच पाठ नाकारतो. पाठात काहीही बिघाड नसताना शिक्षक अडतो तो बहुधा येथेच. पाठ उघडल्यावर तो ब्राउझरच्या वरच्या चौकटीत ‘एपीआय’ नावाची वस्तू शोधतो आणि तिच्यामार्फत गुण कळवतो. त्यामुळे तोच पाठ जिल्हा परिषदेच्या शाळेत पेनड्राइव्हवरून थेट उघडला, तर चित्रफीत दिसते, प्रश्नही सुटतात, परंतु गुण घ्यायला पलीकडे कोणीच नसते. अर्धवट सोडलेला पाठ पुढे चालू करण्यासाठी १.२ मध्ये ४०९६ चिन्हांची जागा आहे. ही मर्यादा चिन्हांची आहे, अक्षरांची नव्हे: ‘विद्यार्थी’ या तीन अक्षरी शब्दाला युनिकोडमध्ये १० चिन्हे लागतात. विद्यार्थ्याची मराठी उत्तरे या जागेत साठवणारा पाठ म्हणूनच अपेक्षेपेक्षा लवकर भरतो.

‘एलटीआय’ (२०१०) या मानकात पाठ हलवला जात नाही; एका मंचावरून दुसऱ्या ठिकाणच्या साधनात विद्यार्थ्याला ओळखीसह पाठवले जाते. त्याच्या १.३ या आवृत्तीतील संदेशावर वेळेची मुदत असते. वीज गेल्यावर घड्याळ मागे पडणाऱ्या स्वस्त संगणकावर (रास्पबेरी पायच्या जुन्या नमुन्यांत बॅटरीचे घड्याळच नसे) स्थानिक मंच चालवला, तर संदेश मुदतबाह्य किंवा भविष्यातला ठरून प्रवेश नाकारला जाऊ शकतो. धारणी, चिखलदरा किंवा एटापल्ली तालुक्यांतील रेंज नसलेल्या गावांत त्यामुळे सततच्या जोडणीवर बेतलेल्या या मानकापेक्षा गाठोड्याची जुनी पद्धतच अधिक उपयोगी पडते. ‘एक्सएपीआय’ (२०१३) येथे वेगळे ठरते. त्यातील प्रत्येक नोंद ‘कोणी, काय केले, कशावर’ अशा वाक्याच्या रूपात असते आणि घटना घडल्याची वेळ व ती साठवली गेल्याची वेळ असे दोन स्वतंत्र रकाने तिला असतात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटला असताना सोडवलेली चाचणी आठवड्याने पोचली, तरी ती खऱ्या तारखेलाच नोंदली जाते.

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड ‘दीक्षा’ (२०१७) या मंचाशी जोडलेले आहेत. हा मंच ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत आज्ञावलीवर उभा आहे. त्यातील पाठांचे ‘ईकार’ हे वेष्टन इंटरनेटशिवाय एका मोबाइलवरून दुसऱ्यावर देता येते व वापराच्या नोंदी फोनमध्ये साठून जोडणी मिळाल्यावर पुढे जातात. मात्र वेष्टन व नोंदींचा साचा हे दोन्ही सनबर्डचे स्वतःचे आहेत.

प्रश्नसंचांसाठी ‘क्यूटीआय’ हे मानक आहे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉण्टांत टंकलेले मराठी प्रश्न त्यातून नेल्यास पलीकडे रोमन अक्षरांचा खच पडतो, कारण मानक चिन्हे नेते, त्यांचे दिसणे नेत नाही. असे प्रश्न आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावे लागतात आणि त्यानंतर जोडाक्षरे व रफार पुन्हा डोळ्यांखालून घालणे इष्ट असते.

पाठाची भाषा सांगणाऱ्या रकान्यात मराठीसाठी ‘एमआर’ हा संकेत आहे. कोरकूला ‘केएफक्यू’ व गोंडीला ‘जीओएन’ हे तीन अक्षरी संकेत आहेत. ते न भरता मेळघाटातील कोरकू पाठ मराठी म्हणून नोंदवला, तर कोरकू भाषेनुसार घेतलेल्या शोधात तो सापडत नाही.