झोप की गुंगी?

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री वॉर्डात नातेवाईक सिस्टरांना हमखास सांगतात, "आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका." रुग्णाला मॉर्फिन दिलेले असेल तर ही विनंती मानता येत नाही.

अफूतले हे द्रव्य जर्मन औषधनिर्माता फ्रीडरिश झेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे केले. मेंदू आणि मज्जारज्जूतील पेशींवरच्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटून मॉर्फिन वेदनेचा संदेश अडवते, तेच ग्राहक श्वासाची लय सांभाळणाऱ्या पेशींवरही असतात. त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला तरी श्वास वाढवण्याची प्रेरणा क्षीण होते. मात्र श्वास धोकादायकरीत्या मंदावण्यापूर्वी बहुधा गुंगी वाढते, आणि परिचारिकेला सावध करणारी पहिली खूण हीच असते.

म्हणून ती पूर्ण 1 मिनिट छातीची हालचाल मोजते, आणि रुग्णाला हाकही मारते. हाकेसरशी जागा होऊन जो नीट उत्तर देतो, तो झोपलेला असतो. बोलता बोलता ज्याच्या पापण्या मिटतात आणि वाक्य अर्धवट राहते, त्याचा पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे लागते. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास अपुरा पडत असतानाही तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. मूत्रपिंडे अशक्त असतील तर मॉर्फिनचे क्रियाशील अवशेष शरीरात साठत जातात, म्हणून अशा रुग्णावर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते.

नॅलोक्सोन शिरेतून दिल्यास काही मिनिटांतच मॉर्फिनचा प्रभाव उलटवते, परंतु त्याचा स्वतःचा अंमल मॉर्फिनच्या आधी ओसरतो; शुद्धीवर आलेला रुग्ण तासाभराने पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.

हे सारे वाचून मॉर्फिनची धास्ती घेणे चुकीचे ठरेल. वेदनेमुळे जो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, त्याच्या फुप्फुसात कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलची जोड दिली तर मॉर्फिन कमी लागते, तरीही पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते पुष्कळदा लागतेच. शिरेतून दिलेल्या डोसचा परिणाम शिगेला पोहोचायला सुमारे 20 मिनिटे लागतात, म्हणून अर्ध्या तासाने सिस्टर पुन्हा खाटेपाशी येते, टाक्यांवर उशी धरायला सांगते आणि विचारते, "काका, जरा खोकून दाखवा. आता शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"