झेब्राफिश : रक्तमूलपेशी रोपण

एका झेब्राफिशच्या रक्तजनक ऊतीतील पेशी दुसऱ्या झेब्राफिशमध्ये सोडून त्या तेथे रुजतात का, किती काळ टिकतात व कोणकोणत्या रक्तपेशी निर्माण करतात, हे पाहण्याची प्रायोगिक पद्धती. हा मासा (डॅनिओ रेरिओ) दक्षिण आशियातील गोड्या पाण्यातला. गंगेतील माशांच्या वर्णनात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये त्याची नोंद केली. प्रयोगशाळेत तो रुळला तो मुख्यतः ऑरेगन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या कामामुळे.

माशांच्या हाडांत रक्त घडवणारी मज्जा नसते. प्रौढ झेब्राफिशमध्ये हे काम वृक्कात (मूत्रपिंडात) चालते, म्हणून दात्याकडून घेतात ती ‘वृक्कमज्जा’. भ्रूणात मात्र रक्तनिर्मितीची जागा बदलत जाते : रक्तमूलपेशी (सर्व रक्तपेशींना जन्म देणाऱ्या पेशी) महारोहिणीच्या (शरीरातील मुख्य धमनीच्या) तळाकडील भित्तीशी उगवतात, काही दिवस शेपटीतील ऊतीत वाढतात आणि नंतर वृक्कात स्थिरावतात.

या उगमाविषयी दीर्घकाळ मतभेद होता. रक्तपेशी व वाहिनीच्या अस्तरपेशी यांची पूर्वज पेशी एकच असावी, असे एक मत. महारोहिणीखालच्या मध्यस्तरातून (भ्रूणाच्या मधल्या पेशीथरातून) मूलपेशी येतात, हे दुसरे. अस्तरपेशीच रूप पालटून मूलपेशी होते, हे तिसरे. 2010 मध्ये किसा व एर्बोमेल यांनी, तसेच बर्ट्रांड व सहकाऱ्यांनी, जिवंत पारदर्शक भ्रूणात ही घटना प्रत्यक्ष टिपली. चपटी अस्तरपेशी वाकते आणि विभाजन न होता भित्तीतून सुटते. उंदरात अशा पेशींचे पुंजके महारोहिणीच्या पोकळीत दिसतात. झेब्राफिशमध्ये पेशी उलट बाजूस, वाहिनीखालच्या जागेत उतरते व तेथून शिरेत शिरते. त्यामुळे तिसरे मत आता बळकट मानावे लागते. त्याआधीच्या टप्प्यावर सामाईक पूर्वज असण्याची शक्यता मात्र त्याने निकालात निघत नाही.

भ्रूणांत पेशींची अदलाबदल पूर्वीही होत असे. प्रौढ वृक्कमज्जेच्या रोपणाची घडी बसली ती सामान्यतः ट्रेव्हर, झॉन व सहकाऱ्यांच्या 2003 मधील कामापासून धरतात. हिरव्या अनुस्फुरक (विशिष्ट प्रकाशात चमकणाऱ्या) प्रथिनाने उजळलेल्या पेशी त्यांनी गाटा-1 हे लाल पेशी घडण्यास आवश्यक जनुक निकामी असलेल्या, म्हणजे लाल पेशी नसलेल्या भ्रूणांत सोडल्या. एरवी मरणारे हे मासे 6 महिन्यांहून अधिक जगले. (या उत्परिवर्ती वाणाचे नाव व्लाद त्सेपेश; पांडुरोगी वाणांना शार्डने, झिनफँडेल अशी मद्यांची नावे देण्याची प्रथाही याच क्षेत्रातली.) झेब्राफिशच्या रक्तपेशी ओळखणारी प्रतिपिंडे फारशी नव्हती, म्हणून पेशींचे गट त्यांच्या आकारमानावरून व कणीदारपणावरून, प्रकाशाच्या विकिरणाने वेगळे केले गेले. तांबड्या पेशींनाही केंद्रक असल्याने त्या पांढऱ्या पेशींपासून वेगळ्या मोजणे, ही आणखी एक अडचण.

प्रौढ ग्राहीची (पेशी स्वीकारणाऱ्या माशाची) मज्जा आधी प्रारणाने (भेदक किरणांनी) रिकामी करतात. 2004 मध्ये मारक मात्रा 40 ग्रे (शोषलेल्या प्रारणाचे एकक) ठरली. उंदराच्या मानाने ती कितीतरी जास्त आहे. 20 ग्रेला लसीकापेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नाहीशा होतात, पण मासा वाचतो. पेशी पूर्वी हृदयात टोचत. आता डोळ्यामागील शिराजालात टोचण्याची रीत रूढ आहे. 2008 मध्ये रंगपेशींविना प्रौढावस्थेतही पारदर्शक राहणारा ‘कॅस्पर’ वाण तयार झाल्यावर रुजलेली मज्जा मासा न कापता दिसू लागली.

ऊतक-जुळणी, म्हणजे दाता व ग्राही यांच्या ऊती एकमेकींना परक्या न वाटणे, हा कच्चा दुवा. प्रयोगशाळेतील वाण उंदरांइतके एकजिनसी नसतात. जुळणीची प्रमुख जनुके 19 व्या गुणसूत्रावर असून ती जुळवल्यास रोपण अधिक टिकते, असे 2011 मध्ये दिसले. म्हणून जुन्या प्रयोगांतील अपयश मूलपेशींच्या माथी मारताना जपून असावे.

औषधशोधात या माशाचा ठळक लाभ प्रोस्टाग्लँडिन ई-2 या शरीरात तयार होणाऱ्या संदेशवाहक द्रव्याबाबत झाला. नॉर्थ व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये भ्रूणांवर रसायने चाळताना ते मूलपेशींची संख्या वाढवते असे दाखवले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक मानवी चाचणीत नाळेच्या रक्ताचे दोन संच दिलेल्या 12 रुग्णांपैकी 10 जणांत या द्रव्याचे टिकाऊ रूप लावलेला संच वरचढ ठरला. रुग्णसंख्या लहान असल्याने हा निष्कर्ष बेतानेच घ्यावा.

वृक्कावर काळ्या रंगपेशींची छत्री का असते, हा प्रश्नही याच अभ्यासातून पुढे आला. ती अतिनील किरणांपासून मूलपेशींचे रक्षण करते, असे 2018 मध्ये आढळले.