शेवटच्या सेकंदाची बोली आली कुठून?

ऑनलाइन लिलावात एखादी वस्तू आठवडाभर ४० डॉलरवर पडून असते आणि शेवटच्या दहा सेकंदांत तिची किंमत चौपट होते. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात काहीतरी लबाडी असावी अशी शंका येते. ज्याच्या हातून वस्तू निसटली, त्याची तर खात्रीच पटते. माझं मत वेगळं आहे. ही शेवटची झुंबड माणसांच्या स्वभावातून जितकी येते, त्याहून जास्त लिलाव बंद करण्याच्या नियमातून येते. ते नीट समजायचं तर आधी स्वयंचलित बोली कशी चालते ते पाहावं लागतं.

पिएर ओमिदियार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ हे ऑनलाइन लिलावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. पुढे १९९७ मध्ये त्याचं नाव ईबे झालं. सभागृहातला लिलाव काही मिनिटांत आटोपतो. हा अनेक दिवस चालायचा आणि बोली लावणारे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वेळी जागे असायचे. आठवडाभर पडद्यासमोर कोण बसणार? म्हणून प्रॉक्सी बोली. तुम्ही तुमची कमाल रक्कम एकदाच सांगायची. ती गुप्त राहते आणि यंत्रणा तुमच्या वतीने, गरज पडेल तेवढीच, पायरीपायरीने बोली वाढवत नेते.

एक उदाहरण बघू. जुन्या कॅमेऱ्याची सुरुवातीची किंमत २० डॉलर आहे. पहिल्या माणसाने कमाल २०० डॉलर टाकले. पडद्यावर दिसतात २०च, कारण समोर दुसरं कोणी नाही. मग दुसऱ्याने १५० टाकले. त्याच क्षणी किंमत १५२.५० होते आणि त्याला निरोप येतो की तुमच्यापेक्षा मोठी बोली आधीच लागलेली आहे. वरचे अडीच डॉलर म्हणजे त्या टप्प्यावरची बोलीची पायरी. किंमत वाढेल तशी पायरीही मोठी होते. आता तिसऱ्याने १९८ टाकले तर पायरी मिळवून २००.५० व्हायला हवेत, पण पहिल्याची मर्यादा २०० आहे, म्हणून आकडा २०० वर थांबतो आणि वस्तू त्याचीच राहते. कोणी नेमके २००च टाकले तरी ज्याची बोली आधी आली तो जिंकतो.

म्हणजे जिंकणारा स्वतःचा आकडा भरत नाही. तो भरतो दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचा आकडा आणि वर एक पायरी. ही कल्पना संगणकवाल्यांची नाही. लिलावगृहांत फार पूर्वीपासून गैरहजर ग्राहक आपली मर्यादा लिहून ठेवत आणि लिलाव करणारा त्यांच्या वतीने शक्य तितक्या स्वस्तात बोली लावत असे. टपाल तिकिटांच्या व्यापाऱ्यांनी ही पद्धत आणखी पुढे नेली. डेव्हिड लकिंग-रायली या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या जाहिराती आणि याद्या चाळून दाखवलं, की अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन इथे १८९३ मध्येच टपालाने असा लिलाव झाला होता. सगळ्या बोली पत्राने येणार, सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला तिकीट मिळणार, पण किंमत दुसऱ्या बोलीच्या आधाराने ठरणार.

या व्यवहाराला सिद्धांताची बैठक दिली अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी, १९६१ मध्ये. त्यांचा युक्तिवाद स्वच्छ आहे. किंमत दुसऱ्याच्या आकड्यावर ठरत असेल, तर स्वतःचा आकडा कमी सांगून काही वाचत नाही, फक्त वस्तू जाण्याचा धोका वाढतो. आणि जास्त सांगितला तर परवडणार नाही त्या भावाला ती गळ्यात पडू शकते. म्हणून वस्तू आपल्याला जेवढ्या मोलाची वाटते तेवढंच सांगावं. १९९६ मध्ये त्यांना जेम्स मर्लीस यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत विक्री वारले.

या सगळ्याचा पाया मात्र विश्वासाचा आहे. आपला गुप्त आकडा सांभाळणाराच फितूर झाला तर? जर्मन कवी गटेने १७९७ मध्ये आपल्या एका काव्याचं हस्तलिखित विकताना अपेक्षित रक्कम बंद पाकिटात घालून बटिगर नावाच्या मध्यस्थाकडे ठेवली. प्रकाशकाची रक्कम त्याहून कमी आली तर व्यवहार नाही. जास्त आली तर पाकिटातली रक्कमच घ्यायची. फीव्हेग या प्रकाशकाने बरोबर १००० थालर देऊ केले, पाकिटात होते तेवढेच. मध्यस्थाने आकडा आधीच फोडला होता. ऑनलाइन लिलावात हीच भीती वेगळ्या वाटेने येते: विक्रेता स्वतः किंवा त्याचा साथीदार दुसऱ्या नावाने थोड्या थोड्या बोली लावत तुमच्या मर्यादेच्या जवळ जाऊन पोचतो. मे २००० मध्ये ईबेवर रिचर्ड डीबेनकॉर्न या चित्रकाराचं म्हणून भासवलेलं एक चित्र १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढलं. त्यात अशा संगनमताच्या बोली होत्या हे उघड झालं, सौदा रद्द झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं.

आता मूळ प्रश्न. विक्री यांचं म्हणणं खरं असेल तर खरा आकडा सोमवारी टाका की रविवारी शेवटच्या सेकंदाला, फरक पडायला नको. तरी लोक थांबतात. का?

कॅमेऱ्याच्या उदाहरणातला दुसरा माणूस पुन्हा पाहा. १५० टाकून तो मागे पडला. तो जर खरा आकडा एकदाच सांगून मोकळा होणारा नसेल, तर निरोप येताच चिडून १६० टाकेल, मग १७०, १९० आणि शेवटी २०५. कॅमेरा गेला. पण पहिल्याने आपले २०० शेवटच्या तीन सेकंदांत टाकले असते, तर दुसऱ्याला उत्तर द्यायला वेळच उरला नसता आणि कॅमेरा १५२.५० मध्ये मिळाला असता. बहुतेक माणसं मनातला आकडा एकदम सांगत नाहीत, डिवचलं की वाढवतात. अशा माणसांसमोर उशिरा बोलणं हा शहाणपणा आहे, त्यात मला काही गैर दिसत नाही.

अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो, कारण बाजाराने जणू प्रयोगच मांडून ठेवला होता. अॅमेझॉननेही १९९९ मध्ये लिलाव सुरू केले होते. तिथेही प्रॉक्सी बोली होती, बाकी रचनाही बरीचशी सारखी. फरक मुख्यतः शेवटाचा. ईबेचं घड्याळ ठरल्या वेळी बंद. अॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढायची आणि दहा मिनिटं शांततेत गेल्याशिवाय लिलाव संपायचा नाही. त्यांनी पाहिलेल्या नमुन्यात ईबेवर संगणकांच्या ४० टक्के आणि पुरातन वस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली होती. अॅमेझॉनवर हे प्रमाण जेमतेम ३ टक्के होतं.

४० आणि ५९ मधलं अंतरही बोलकं आहे. संगणकाची किंमत कुणीही शोधू शकतो. जुनी वस्तू अस्सल आहे का, हे जाणकारालाच कळतं. त्याने लवकर बोली लावली की इतरांना सुगावा लागतो, म्हणून तो शेवटपर्यंत गप्प बसतो. आणि उशिराच्या बोलीला खरा धोकाही होता: त्या काळच्या संथ मोडेमवरून ती वेळेत पोचेलच असं नाही. पुढे हे काम करणारी सॉफ्टवेअरं आली. आकडा त्यांच्याकडे देऊन ठेवायचा, ती शेवटच्या काही सेकंदांत तो टाकतात. याला स्नायपिंग म्हणतात.

हा डाव तसा इंटरनेटचाही नाही. सतराव्या शतकात लंडनमध्ये जहाजांचे लिलाव मेणबत्तीवर होत. ज्योत विझण्याआधीची शेवटची बोली जिंकायची. सॅम्युएल पीप्सने सप्टेंबर १६६२ मध्ये आपल्या रोजनिशीत नोंदवलं, की एक चतुर माणूस दर वेळी नेमक्या अखेरच्या क्षणी बोलायचा. कारण विचारल्यावर त्याने सांगितलं: विझताना धूर खाली झुकतो, त्यावरून क्षण ओळखायचा.

यावर उपाय अनेकांनी शोधले. अमेरिकेत १९९४ मध्ये रेडिओ लहरी वापरण्याच्या परवान्यांचे लिलाव सुरू झाले, तेव्हा पॉल मिलग्रॉम, रॉबर्ट विल्सन आणि प्रेस्टन मॅकॅफी या अर्थशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने असा नियम आला, की आधीच्या फेऱ्यांत जो बोली लावत राहणार नाही त्याचा पुढचा हक्क कमी होईल. दडून बसण्याची सोयच गेली. न्यूझीलंडच्या ट्रेड मीवर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की लिलाव आणखी दोन मिनिटं चालतो. पोल्काडॉट या ब्लॉकचेनने २०२१ मध्ये मेणबत्तीचीच युक्ती घेतली: लिलाव नेमका कोणत्या क्षणी संपला, हे मागाहून यादृच्छिक पद्धतीने ठरायचं.

ईबेने मात्र आपलं घड्याळ बदललं नाही. रॉथ, ऑकेनफेल्स आणि डॅन एरिएली यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत मुदतवाढीच्या लिलावात विक्रेत्यांना जास्त पैसे मिळाले आणि वस्तू तिची जास्त किंमत करणाऱ्याकडेच जाण्याचं प्रमाणही जास्त होतं. तरीही अॅमेझॉनचे लिलाव पुढे बंद पडले. विक्रेते जिथे ग्राहक जास्त तिथे जात होते, आणि ग्राहक जिथे वस्तू जास्त तिथे.