स्पिंडलची निवड (हौशी सीएनसी यंत्र)

हौशी सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या) यंत्रावर एंड मिल किंवा व्ही-बिट यांसारखे कापायचे टूल धरून वेगाने फिरवणारा भाग म्हणजे स्पिंडल. खरेदी करताना बहुतेकांची नजर वॅटवर जाते, पण तो आकडा सर्वोच्च वेगाचा असतो. टूलचा व्यास किती, कापायचे काय आणि स्पिंडलचे वजन झेड अक्ष (स्पिंडल वर-खाली नेणारा भाग) पेलेल का, हे आधी ठरवावे.

अगदी लहान यंत्रांवर ७७५ जातीची ब्रशवाली डीसी मोटर असते. ती कोरीवकामापुरती, तिच्या बेअरिंगना बाजूचा दाब सोसत नाही. लाकूडकामाचा ट्रिम राउटर स्वस्त आणि हलका पडतो, मात्र आवाज कर्कश असतो, कार्बन ब्रश झिजतात आणि बऱ्याच राउटरचा किमान वेगच मिनिटाला १०,००० फेरे किंवा त्याहून जास्त असतो. त्यापुढचा पर्याय व्हीएफडीवर (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावर) चालणाऱ्या तीन फेजच्या स्पिंडलचा. यात ६५ मिमी व्यासाचे ०.८ किलोवॅटचे आणि ८० मिमीचे २.२ किलोवॅटचे स्पिंडल जास्त आढळतात.

या स्पिंडलची मोटर सहसा दोन ध्रुवांची असते, म्हणून ४०० हर्ट्झला मिनिटाला सुमारे २४,००० फेरे मिळतात. टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण तेवढाच राहत असल्याने वेग उतरवला की शक्तीही त्याच प्रमाणात उतरते: २.२ किलोवॅटचे स्पिंडल ६,००० फेऱ्यांना जेमतेम ०.५५ किलोवॅट देते. साध्या पोलादात ६ मिमी कार्बाइड टूल मिनिटाला १०० मीटर कापवेगाने चालवायचे तर फेरे ५,३०० च्या आसपास हवेत, आणि नेमके तिथेच हे स्पिंडल दुबळे असते. ॲल्युमिनियमला तेच टूल १८,००० वर चालते; एकधारी टूल घेतले तर बर (कापून निघालेला कीस) अडकत नाही.

वेग जास्त म्हणजे काम चांगले, हाही गैरसमज. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) = फेरे × धारा × प्रत्येक धारेने काढायची जाडी. दोन धारांचे टूल १८,००० वर ०.०५ मिमी जाडीने चालवायला मिनिटाला १,८०० मिमी फीड लागतो. यंत्र ८०० च्या पुढे जात नसेल तर टूल कापण्याऐवजी घासते. लाकूड करपते, प्लास्टिक वितळून धारेला चिकटते. अशा संथ यंत्राला वेग खाली आणता येणारे स्पिंडलच हवे. शिवाय २.२ किलोवॅटच्या स्पिंडलचे वजन ५ किलोच्या घरात जाते. लवचीक गँट्रीवर (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या चौकटीवर) ते बसवले तर कापाची खोली वाढत नाही, थरथर मात्र वाढते. हलक्या यंत्राला ०.८ किलोवॅट पुष्कळ झाले.

कॉलेटच्या (टूलचा दांडा पकडणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीच्या) मापाने टूलची मर्यादा ठरते: ईआर११ मध्ये ७ मिमी, ईआर१६ मध्ये १० आणि ईआर२० मध्ये १३ मिमीपर्यंतचा दांडा बसतो. कॉलेट आधी नटमध्ये टिक् आवाज येईपर्यंत बसवून मगच स्पिंडलमध्ये घालावे. सुटे घातले तर ते तिरके बसते आणि रनआउट (फिरताना टूलचे मध्यापासून ढळणे) वाढतो. रनआउट मोजायला डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) स्पिंडलच्या आतल्या निमुळत्या पृष्ठभागावर लावून पाहावा. ०.०१ मिमीच्या आत असेल तर उत्तम. सर्किट बोर्डावर ०.२ मिमीची चर कोरताना ०.०५ मिमी रनआउट असेल, तर चर पावपट जास्त रुंद होते.

पाण्याने थंड होणारे स्पिंडल शांत असते आणि कमी वेगातही तापत नाही, पण पंप बंद पडला तर काही मिनिटांत गरम होते. पाण्याच्या वाटेत फ्लो स्विच (प्रवाह थांबल्याचे ओळखणारा स्विच) असावा. हवेने थंड होणाऱ्याचा पंखा बहुधा मोटरच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे ते ८,००० फेऱ्यांखाली फार वेळ चालवू नये.

स्पिंडल जळण्याचे एक नेहमीचे कारण व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये असते. मूळ वारंवारता (जिथे मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळते ती) कारखान्यातून आलेल्या ५० हर्ट्झवरच राहिली, तर ४०० हर्ट्झच्या गुंडाळीला ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज मिळते, मोटरचा लोखंडी गाभा संपृक्त होतो (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि प्रवाह भडकतो. त्यामुळे मूळ व कमाल वारंवारता ४०० आणि प्रवाहाची मर्यादा पाटीवरच्या आकड्याइतकी करून मगच सुरू करावे. स्वस्त स्पिंडलमध्ये जोडणीची चौथी, म्हणजे अर्थिंगची पिन अनेकदा आत कुठेच जोडलेली नसते. मल्टिमीटरने तपासून बॉडीला अर्थिंग द्यावे. केबल शील्ड (विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे वेष्टन) असलेली घ्यावी, नाहीतर लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणारे) भलतेच संकेत देऊ लागतात.

क्लॅम्प पुढच्या बेअरिंगवर येऊ न देता, स्पिंडल सरकणार नाही इतपतच आवळावा. जास्त आवळल्यास नळी चेपते, बेअरिंग दाबले जातात आणि नवे स्पिंडलही रिकामे फिरताना तापते.